वरचे दहा

नौपाड्यात एखादी इमारत पाडायला निघाली
की आठवडाभर आधी तिचे माळे खाली येतात.
मी तारखा वहीत लिहून ठेवते,
लग्नाचे मुहूर्त लिहावेत तशा.
राबोडीत इक्रामच्या काट्यावर
पितळ किलोनं जातं:
घागर, परात, तपेली,
अडकित्त्याचं एकच पातं,
एक झाकण, ज्याचं भांडं कुठे गेलं कोण जाणे.
भट्टीची गाडी मंगळवारी येते.
मी सोमवारी.

वागळे इस्टेटच्या आमच्या खोलीत
खिडकीशी पाट, पाटावर विटकी इरकल,
साडेआठचं ऊन. फोटो.
खाली लिहिते: व्हिंटेज.
भंगार आणि व्हिंटेज यांच्यात
चिंच, रांगोळी आणि माझा एक रविवार,
बाकी काही नाही.
गुरुग्रामच्या बाईंना घंगाळात कमळं सोडायची असतात.
पुण्यात एकानं पोळपाट भिंतीला लावला.
मी काही बोलत नाही.
पैसे आधी, कुरिअर नंतर.

गिऱ्हाईक दोन जातींचं.
एक विचारतं, नाव घासून निघेल का?
दुसरं विचारतं, नाव आहे ना?
नाव असलं तर तीनशे जास्त.
सौ. कुसुमावती. कै. नानासाहेब यांचे स्मरणार्थ.
मौंजीबंधन, १४-५-६१.
टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं,
बोटाला लागतात, डोळ्याला पटकन दिसत नाहीत.

जांभळी नाक्याजवळ एक जण अजून नावं घालतो,
अक्षराला पाच रुपये.
एकदा कोरा तांब्या घेऊन गेले होते.
"कुणाचं घालू?" त्यानं मान वर न करता विचारलं.
तेवढ्यावर परत आले.

घासायचं काम आईचं.
तिनं चाळीस वर्षं नौपाड्यातच घासली,
आधी चार घरं, मग सहा, मग गुडघे गेले.
"तेव्हा लोकांची होती," मी म्हणाले, "आता आपली आहेत."
"विकायचीच ना?
मग लोकांचीच."

त्या सोमवारी कळशी मिळाली.
गळ्याखाली उकिडव्यांचं नाव, अर्धं झिजलेलं.
आईला अक्षर लागत नाही.
तिनं कळशी मांडीवर घेऊन फिरवली,
बुडाशी अंगठा नेला,
आणि पोचा होता तिथे तो बसला
माप घेऊन केल्यासारखा.

मी मजकूर वाचून दाखवत होते:
वयोमानानुसार एक लहानसा पोचा.
"वयानं नाही," ती म्हणाली. "माझ्या हातनं.
मोरीच्या उंबऱ्यावर आपटली.
दहा रुपये कापले होते पगारातले.
तू पोटात होतीस."
आणि चिंचेचा कोळ पुन्हा हातावर घेतला.

ही ठेवू या का, मी विचारलं.
"कशाला? पाणी नळाला येतंय."
बराच वेळ नुसता घासण्याचा आवाज.
मग, "किती लावलेस?"
दोन हजार सहाशे.
"दहा वाढव."

वाढवले.
रात्री बेंगळुरूहून मेसेज:
दोन हजार सहाशे दहा, हा कसला आकडा?
राउंड करा ना.
शंभर सोडायची माझी तयारी असते,
महिनाअखेरीला दोनशेसुद्धा.
मी लिहिलं: बाकी बोलू,
वरचे दहा फिक्स आहेत.
पलीकडे टायपिंग, टायपिंग,
मग काहीच नाही.
जेवणं झाली, भांडी झाली,
तेव्हा फोन वाजला.
आले दोन हजार पाचशे दहा.

सकाळी डब्यातून दहाची नोट काढून
मी आईपुढे धरली.
तिनं हात पदराला पुसले,
नोट उजेडाकडे नेली, उलटी केली, सुलटी केली,
पक्क्या गिऱ्हाइकासारखी.
"कोपरा फाटलाय," म्हणाली.
"दुसरी दे."